पॅरिसची रात्रीची बोटफेरी: तिकिटाआधी सूर्यास्ताची वेळ बघा

सेन नदीवरच्या रात्रीच्या बोटफेरीबद्दल हमखास ऐकू येणारी तक्रार म्हणजे, "दिवेच दिसले नाहीत." बोट चांगली होती, नदी सुंदर होती, पण ज्यासाठी गेलो ती रोषणाई काही दिसली नाही. यात बोटवाल्यांचा दोष फारसा नसतो. पॅरिस बरंच उत्तरेला, जवळजवळ ४९ अक्षांशावर आहे. जूनच्या शेवटी तिथं सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो आणि नीट काळोख पडायला त्यानंतर पाऊण तास तरी जातो. 'रात्री नऊची फेरी' म्हणून तिकीट काढलं, तर अख्खा तास उजेडातच सरतो. डिसेंबरात नेमकं उलट: पाच वाजायच्या आत सूर्य मावळलेला असतो आणि सहाच्या फेरीला शहर पूर्ण उजळलेलं दिसतं.

म्हणून कोणत्या कंपनीची बोट घ्यायची हा दुसरा प्रश्न. आधी आपल्या तारखेचा सूर्यास्त बघायचा आणि त्यानंतर २० ते ३० मिनिटांनी सुटणारी फेरी धरायची. पहिल्या अर्ध्या तासात आकाश गडद निळं असतं, इमारतींच्या कडा त्यावर स्पष्ट उठून दिसतात; उरलेला वेळ पूर्ण काळोखात जातो. एकाच तिकिटात दोन्ही रूपं मिळतात. मध्यरात्रीसारखा काळाकुट्ट अंधार झाल्यावर निघालं तर दिवे दिसतात, पण इमारतींचे आकार अंधारात हरवतात.

हिशेबासाठी ढोबळ वेळा अशा: मार्चच्या मध्यावर सूर्यास्त सातच्या जरा आधी. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, त्यामुळे एप्रिलच्या मध्यावर तो थेट पावणेनऊच्या आसपास येतो. मेमध्ये सव्वानऊ ते पावणेदहा, जून-जुलैत दहाच्या आगेमागे, ऑगस्टच्या मध्यावर नऊ वाजून काही मिनिटं, सप्टेंबरच्या मध्यावर आठ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुन्हा मागे येतात आणि दिवेलागण एकदम साडेपाचवर येऊन ठेपते. जूनमध्ये जाणाऱ्यांना खरं तर एकच फेरी उपयोगाची, साडेदहाच्या सुमाराची शेवटची. ती सगळ्यांनाच हवी असते, त्यामुळे रांगही तिचीच मोठी. रोषणाई हाच प्रवासाचा मुख्य हेतू असेल आणि तारखा आपल्या हातात असतील, तर सप्टेंबरचा उत्तरार्ध किंवा ऑक्टोबर निवडावा. हवा सोसवते आणि जेवायच्या वेळेआधी फेरी उरकते.

आता बोटी. साध्या, जेवणाशिवायच्या फेरीला तास ते सव्वा तास लागतो आणि तिकीट साधारण १५ ते २० युरो. ठिकाणं सगळ्या कंपन्या जवळजवळ तीच दाखवतात. फरक पडतो तो धक्क्यामुळे, म्हणजे बोट कुठून सुटते आणि आयफेल टॉवर वाटेत कधी येतो यामुळे.

बातो मूशच्या मोठ्या बोटी उजव्या काठावर आल्मा पुलाजवळून सुटतात. मेट्रोच्या ९ नंबरच्या मार्गावरचं आल्मा-मार्सो स्टेशन सोयीचं. ('मूश' म्हणजे माशी, पण नावाचा माशीशी संबंध नाही. लियों शहरातल्या मूश नावाच्या भागात या बोटी बांधल्या जात, त्यावरून ते पडलं.) इथून बोट आधी पूर्वेला नदीतल्या बेटांकडे जाते, वळसा घालून परत येते आणि टॉवर शेवटच्या टप्प्यात येतो. बातो पारिझियँचा धक्का टॉवरच्या पायथ्याशीच आहे. व्हदेत द्यू पाँ नफच्या बोटी शहराच्या मध्यातून, इल द ला सिते या बेटाच्या पश्चिम टोकावरून सुटतात आणि आधी टॉवरकडे जातात. या शेवटच्या धक्क्यावर पोचायला पाँ नफ पुलावरच्या चौथ्या हेन्रीच्या पुतळ्यामागून दगडी जिना उतरावा लागतो. गुडघे दुखत असतील, चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी बरोबर असेल, तर हा धक्का टाळावा. आल्माचा धक्का त्या मानाने सोपा आहे.

टॉवर कधी वाटेत येतो याला एवढं महत्त्व का? त्याचे दिवे दोन प्रकारचे आहेत. एक, सलग राहणारा सोनेरी प्रकाश. तो ३१ डिसेंबर १९८५ ला पहिल्यांदा लागला. पिएर बिदो या प्रकाशयोजनाकाराची ही करामत. त्याआधी टॉवरवर बाहेरून झोत टाकायचे, त्यामुळे तो सपाट दिसायचा. बिदोंनी ३३६ सोडियम दिवे टॉवरच्या आतच बसवून त्यांची तोंडं वर केली. उजेड लोखंडाच्या जाळीतून बाहेर पडायला लागला आणि प्रत्येक तुळई वेगळी दिसायला लागली. अंधारात टॉवर नाजूक विणकामासारखा दिसतो तो यामुळे. दुसरा प्रकार लुकलुकण्याचा: चार बाजूंना पाच-पाच हजार, असे २०,००० छोटे दिवे अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला फक्त पाच मिनिटं चमकतात. सन २००० च्या स्वागतासाठी ते आणले, २००३ पासून कायमचे बसवले आणि २००८ मध्ये दहा मिनिटांची पाच मिनिटं केली.

ही पाच मिनिटं पाण्यावरून गाठायची तर सुटण्याची वेळ जुळवून घ्यावी लागते. टॉवरच्या पायथ्याहून तासाच्या ठोक्याला सुटणारी बोट असेल तर सुरुवातीलाच चमचमाट दिसतो, फक्त मान फार वर करावी लागते. तासाभराने बोट परतते तेव्हा कधीकधी पुढचाही मिळतो. याच धक्क्यावरून साडेच्या ठोक्याला निघालं, तर लुकलुक सुरू होते त्या वेळी बोट बेटांजवळ असते आणि टॉवर दूर, इमारतींआड. पाँ नफहून टॉवरपर्यंत साधारण २० मिनिटं लागतात, म्हणून तिथून तासाला २० ते २५ मिनिटं असताना सुटणारी फेरी उत्तम. आल्माहून तासाच्या ठोक्याला निघालेली बोट पुढच्या तासाच्या सुमाराला टॉवरजवळ पोचते. गर्दीमुळे बोट दहा मिनिटं उशिरा सुटली की सगळं गणित कोलमडतं, त्यामुळे याची हमी कुणी देत नाही आणि मागूही नये. बोटीवरून हुकलं तर उतरल्यावर काठावर थांबून पुढचा तास गाठता येतो, तो फुकट.

जागेचा प्रश्न. वरचा उघडा मजला घ्यायचा, थंडी असली तरी. खालच्या काचेच्या दालनात दिवे चालू असतात आणि काचेवर आपलेच चेहरे दिसतात. बाहेरचं अर्धंच कळतं. वर वारा झोंबतो, नदीवर तर शहरातल्यापेक्षा जास्तच. ऑक्टोबर ते एप्रिल कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं जाकीट हवंच. उजवी बाजू की डावी, यावर लोक उगाच धक्काबुक्की करतात. बोट जाते आणि परत येते, त्यामुळे एकाच बाजूला बसूनही दोन्ही काठ एकेकदा समोर येतात. अपवाद बेटांचा. तिथं बोट एका फाट्याने वर जाते आणि दुसऱ्याने खाली येते, म्हणजे बेटांना प्रदक्षिणाच घालते. जी बाजू आत असते तिला बेटावरचं नोत्र दाम कॅथेड्रल जवळून दिसतं. चढताना कर्मचाऱ्याला "नोत्र दाम कुठल्या बाजूला येईल?" एवढं विचारलं की काम होतं. अगदी पुढची रांग चांगली वाटते, पण फोटोसाठी उभे राहणारे तिथंच गोळा होतात. मागच्या टोकाला कठड्याजवळ मोकळीक जास्त आणि मागे सरत जाणारे पूलही दिसतात.

पूल हेच या फेरीचं खरं धन आहे. इमारती रस्त्यावरूनही दिसतात. पुलाची खालची बाजू फक्त पाण्यावरून. पाँ नफ नावाचा अर्थ 'नवा पूल', आणि तो शहरातला उभा असलेला सर्वांत जुना, १६०७ मध्ये पूर्ण झालेला. त्याच्या कमानींच्या वर ओळीने कोरलेले शेकडो दगडी चेहरे आहेत, प्रत्येक वेगळा. दिवसा ते सपाट वाटतात. रात्री खालून प्रकाश पडला की भुवया, नाकं, मिशा सावल्यांनी उठून येतात. तिसऱ्या अलेक्झांडरच्या नावाचा पूल १९०० च्या प्रदर्शनासाठी बांधला. अँव्हालिद या जुन्या सैनिकी वास्तूच्या घुमटाचं दृश्य झाकलं जाऊ नये म्हणून त्याची पोलादी कमान मुद्दाम बसकी ठेवली आहे, तीही नदीत एकही खांब न रोवता. बोट त्याखालून जाते तेव्हा पोलादाच्या फासळ्या डोक्यावरून अगदी जवळून सरकतात आणि दोन्ही कडांवरच्या दिव्यांच्या ओळी पाण्यात उतरतात. हा फेरीतला सर्वांत सुंदर क्षण आहे असं मी निःशंकपणे म्हणेन, टॉवरपेक्षाही. फोन खाली ठेवून वर बघावं.

बाकी वाटेत ऑर्से संग्रहालय येतं, १९०० मध्ये रेल्वे स्टेशन म्हणून उघडलेलं. नदीकडच्या भिंतीवर स्टेशनाची दोन मोठी घड्याळं अजून आहेत. काँसिएर्जरीचे गोल बुरूज येतात, जिथं १७९३ मध्ये राणी मारी आंत्वानेतला शेवटच्या दिवसांत कैदेत ठेवलं होतं. आणि नोत्र दाम. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत त्याचं छत जळालं आणि शिखर कोसळलं. डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं आणि ९६ मीटरचं शिखर आता जागेवर आहे. स्वच्छ केलेला दगड रात्री फिकट, जवळजवळ लोण्याच्या रंगाचा दिसतो. जुने फोटो बघून गेलेल्यांना तो ओळखूच येत नाही.

दिवे कधी बंद होतात, ही माहिती तिकिटावर नसते आणि तिचाच फटका बसतो. वीज वाचवण्यासाठी २०२२ च्या सप्टेंबरात टॉवरचे दिवे रात्री १ ऐवजी ११:४५ ला मालवायचं ठरलं. नगरपालिकेच्या इमारती, त्यात नदीकाठचं भव्य ओतेल द व्हीलही आलं, १० वाजता अंधारात जातील असा निर्णय झाला, आणि लूव्र संग्रहालयाच्या काचेच्या पिरॅमिडचे दिवे ११ ला बंद करायचं ठरलं. शिवाय १ जुलै २०१३ पासून देशभर नियम आहे की इमारतींच्या दर्शनी भागावरचे दिवे उशिरात उशिरा रात्री १ ला बंद झाले पाहिजेत. उन्हाळ्यात टॉवरच्या वेळा बदलतात, म्हणून त्या त्या आठवड्याची वेळ टॉवरच्या अधिकृत संकेतस्थळावर बघावी. पण मुद्दा लक्षात घ्या: जूनमध्ये अंधार पडायला पावणेअकरा वाजतात आणि काही दिवे त्याआधीच मालवलेले असतात. उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर रोषणाईची खिडकी एखाद्या तासाचीच. जानेवारीत तीच पाच-सहा तासांची.

हिवाळ्याचा मात्र एक धोका आहे, पुराचा. पाणी चढलं की पुलाखालची मोकळी उंची कमी होते आणि फेऱ्या आखडतात किंवा थांबतात. जानेवारी २०१८ मध्ये तसंच झालं, आणि जून २०१६ मध्ये भर उन्हाळ्यातही. आल्मा पुलाच्या खांबाशी झुआव्ह (फ्रेंच सैन्यातल्या एका तुकडीच्या) सैनिकाचा दगडी पुतळा आहे. पाणी त्याच्या पायापर्यंत आलं, की पॅरिसकरांना पुराची चाहूल लागते. १९१० च्या महापुरात ते त्याच्या खांद्यापर्यंत पोचलं होतं. म्हणून हिवाळ्यात तारखेला बांधलेलं स्वस्त तिकीट घेण्यापेक्षा कुठल्याही दिवशी चालणारं खुलं तिकीट घ्यावं, आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीवर बोटफेरी ठेवू नये. ढग खाली आले तर टॉवरचं टोक गायब होतं. रिमझिम पावसाने मात्र नुकसान नाही. ओल्या दगडावर आणि डांबरावर दिवे दुप्पट दिसतात.

जेवणाची बोट घ्यावी का? रोषणाईसाठी नको. दोन-अडीच तास बंद काचेआड, टेबलांवर दिवे, ताटं येत-जात असताना अर्ध्या गोष्टी निघून जातात. खिडकीची जागा बहुतेक वेळा महागड्या श्रेणीत असते आणि दर माणशी साध्या तिकिटाच्या पाच-सात पट सहज होतो. खास प्रसंग साजरा करायचा असेल तर गोष्ट वेगळी; मग शाकाहारी जेवण आरक्षणाच्या वेळीच लिहून कळवावं, बोटीवर चढल्यावर सांगून उपयोग होत नाही.

उघड्या दुमजली बसची रात्रीची फेरी हा दुसरा पर्याय. तिच्या बाजूने एक गोष्ट नक्की आहे: १८७५ चं ऑपेरा गार्निए हे नाट्यगृह आणि नदीपासून लांबचे चौक ती दाखवते, बोट दाखवूच शकत नाही. पण रात्रीच्या फेरीत मधे उतरून पुढची बस पकडायची सोय सहसा नसते, शाँझेलिझे या रुंद रस्त्यावर वाहतुकीत ती अडकते, आणि उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या समोर येतात. ज्यांना चालणं शक्य नाही त्यांच्यासाठी ठीक. बाकीच्यांनी ते पैसे आर्क द त्रियाँफ या विजयकमानीच्या गच्चीवर घालवावेत.

ही गच्ची माझ्या मते बोटीची खरी जोडीदार आहे. बोट शहर खालून दाखवते, गच्ची वरून. उंची ५० मीटर, पायऱ्या २८४, बहुतेक गोल जिन्याच्या. वर गेल्यावर चहूकडे १२ रस्ते चांदणीसारखे फुटलेले दिसतात, शाँझेलिझेवर येणाऱ्या गाड्यांची पांढरी आणि जाणाऱ्यांची लाल धार दिसते, आणि मुख्य म्हणजे आयफेल टॉवर समोर दिसतो. टॉवरवर चढलेल्यांना नेमकं हेच मिळत नाही, कारण त्यांच्या दृश्यात टॉवरच नसतो. एप्रिल ते सप्टेंबर ११ पर्यंत, एरवी १०:३० पर्यंत ती उघडी असते आणि शेवटचा प्रवेश त्याआधी ४५ मिनिटं. जूनमध्ये सूर्य मावळायच्या सुमारालाच वर जाऊन थांबावं लागतं. कमानीपर्यंत जायला भुयारी वाट आहे. वरचं गोल चक्कर पळत ओलांडणं जिवावर बेतू शकतं. संध्याकाळी ६:३० ला खाली अज्ञात सैनिकाच्या समाधीवरची ज्योत पुन्हा चेतवतात, ११ नोव्हेंबर १९२३ पासून रोज. हिवाळ्यात ते बघून मग वर जाता येतं.

पायी बघायचं तर सगळ्यात जमणारी वाट: पाले रुआयाल-म्युझे द्यू लूव्र स्टेशनला (मार्ग १ आणि ७) उतरायचं, पिरॅमिडच्या अंगणात जायचं. आत जायला रात्री तिकीट लागत नाही, अंगण मोकळं असतं. ६७३ काचांचा तो पिरॅमिड आतून उजळतो, आणि वारा नसेल तर बाजूच्या उथळ पाण्यात अख्खा उलटा दिसतो. तिथून कूर कारे हा जुना चौक ओलांडून पाँ देझार या पादचारी पुलावर, मग काठाकाठाने पाँ नफ, आणि शेवटी नोत्र दामसमोरचा चौक. अंतर दोन किलोमीटरच्या आसपास, थांबत थांबत तासभर.

फोटोंबद्दल थोडं, कारण निराशा इथंच जास्त होते. फोनचा नाइट मोड एकामागून एक फोटो घेऊन ते एकत्र जोडतो. हलत्या बोटीवर त्याचा चिखल होतो. बोटीवर तो बंद करावा, पडद्यावरच्या उजळ भागावर बोटाने दाबून एक्स्पोजर थोडं खाली ओढावं, किंवा सरळ व्हिडिओ घ्यावा. कॅमेरा असेल तर शटर १/१२५, आयएसओ ३२०० च्या आसपास. टॉवरच्या लुकलुकीला काठावरूनही लांब एक्स्पोजर देऊ नये: सेकंद-दोन सेकंदांत इतके चमकारे साठतात की टॉवर पांढराफटक होतो. १/६० ला ठिपके सुटे राहतात. ट्रायपॉड लावायचा तर दगडी काठावर. पादचारी पूल माणसांच्या चालण्याने थरथरतात आणि चित्र हलतं. टॉवरच्या रात्रीच्या प्रकाशयोजनेवर स्वामित्वहक्क आहे. घरगुती फोटोंना काहीच अडचण नाही, मात्र व्यावसायिक वापराला परवानगी लागते.

नदीपलीकडच्या त्रोकादेरो चौकाच्या गच्चीवरून टॉवर समोरासमोर दिसतो, म्हणून गर्दीही तिथंच. लुकलुक सुरू होते तेव्हा सगळ्यांच्या माना वर जातात आणि खिसेकापूंना तीच पाच मिनिटं हवी असतात. बॅग पोटाशी, फोन मागच्या खिशात नाही. टॉवरसमोरच्या इएना पुलावर आणि आसपास तीन वाट्यांखाली गोळी लपवण्याचा खेळ चालतो. जिंकताना दिसणारे लोक त्यांचेच साथीदार असतात. बघायलाही थांबू नये. गर्दी नको असेल तर बीर-हाकेम पुलावर जावं. टॉवर तिथून कडेने दिसतो, पण निवांत.

परतीसाठी मेट्रो आठवड्याच्या दिवसांत सुमारे सव्वापर्यंत आणि शुक्रवार-शनिवारी रात्री सव्वादोनपर्यंत चालते. एका प्रवासाला अडीच युरोच्या आसपास पडतात. त्यानंतर नोक्तिलियँ या रात्रीच्या बस, त्यांचा मोठा अड्डा शात्लेला. आणि मुक्काम कुठेही असो, ६ नंबरच्या मेट्रोने एकदा पासी ते बीर-हाकेम जावं. गाडी नदीवरच्या उंच पुलावरून जाते. नासियों या शेवटच्या स्टेशनच्या दिशेने जाताना डावीकडची खिडकी धरायची, उलट येताना उजवीकडची. आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब अडवायला तळहात कपाळाशी धरून काचेला टेकायचं, कारण टॉवर पूर्ण दिसतो तो एक मिनिटभरच.